भात आणि मासा : सुशीचे जपान, जिताड्याचे पेण-रोहे

मुंबई आणि पुण्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी 'सुशी' हा शब्द पंचतारांकित हॉटेलांपुरता मर्यादित होता. २००४ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मासाहारू मोरिमोतो या जपानी बल्लवाचार्यांच्या नावाने 'वासाबी' सुरू झाले, तेव्हा कच्च्या माशाचे जेवण ही एक अपूर्वाई होती. आज उपनगरांतील गल्ल्यांमध्ये, कोपऱ्यावरच्या दहा-बारा टेबलांच्या उपाहारगृहांतही सुशी मिळते. तेथे पनीरची, आंब्याची, शतावरीच्या कोंबांची, इतकेच नव्हे तर कांदा-लसूण वर्ज्य केलेली जैन सुशीही मांडली जाते. नवनव्या कल्पना लढवणारे हे शेजारचे उपाहारगृह शहरी खवय्याच्या आठवड्याचा भाग झाले आहे.

मात्र सुशीचे मूळ शोधू लागल्यास ते उपाहारगृहात सापडत नाही. ते सापडते पाणी साचलेल्या भातशेतीत. भाताचे खाचर आणि त्याच पाण्यातला मासा, या जोडीतून सुशी जन्माला आली. ही जोडी मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर, रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा तालुक्यांच्या खाडीकाठी शतकानुशतके नांदते आहे. तेथील माशाचे नाव जिताडा. हा मासा आणि त्याच्यासोबतचा भात आज कोणत्या अवस्थेत आहे, हे समजून घेण्यासाठी सुशीचा इतिहास उपयोगी पडतो.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानीत 'साशिमी' म्हणतात. 'सुशी' हा शब्द आंबटपणाशी निगडित असून तो मुख्यतः आंबवलेल्या किंवा शिरका घातलेल्या भाताला उद्देशून आहे. मासा हा त्या भाताचा सोबती. म्हणूनच माशाविना केलेली काकडीची सुशी ही सुशीच असते. पण भाताविना सुशी संभवत नाही.

या पदार्थाचा उगम आग्नेय आशियातील भात पिकवणाऱ्या नदीखोऱ्यांत झाला, असे अभ्यासक मानतात. पावसाळ्यात शेतात व ओढ्यांत मासा मुबलक मिळे, पुढे तो दुर्मीळ होई. तो टिकवण्यासाठी मासा साफ करून मिठात ठेवायचा, मग शिजवलेल्या भाताच्या थरांत दाबून महिनोन्महिने झाकून ठेवायचा. भात आंबताना जे आम्ल तयार होते, त्याने मासा सडत नाही. खाताना मासा घ्यायचा आणि लगदा झालेला भात टाकून द्यायचा. जपानमध्ये या प्रकाराला 'नारेझुशी' म्हणतात. शिगा प्रांतातील बिवा सरोवराच्या काठी 'फुनाझुशी' या नावाने तो आजही केला जातो. त्याचा वास उग्र असतो. सोड्यांचा किंवा सुकटाचा डबा उघडल्यावर नाक न मुरडणाऱ्या कोकणी माणसाला तो सहन होण्यासारखा आहे.

पुढे जपानी लोकांनी आंबवण्याचा काळ कमी केला आणि भातही खाण्यास सुरुवात केली. नंतर भातात थेट शिरका मिसळण्याची युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मुठीत दाबलेल्या भातावर माशाचा काप ठेवून ती तत्काळ ग्राहकाच्या हाती देण्याची पद्धत रूढ झाली. हानाया योहेई या विक्रेत्याचे नाव या 'निगिरी' सुशीशी जोडले जाते. म्हणजे आज उच्चभ्रू समजली जाणारी ही सुशी मुळात रस्त्यावरच्या गाडीवरचे, घाईत असलेल्या कष्टकऱ्यांचे खाणे होते. तिचे स्थान आपल्या वडापावाहून फार निराळे नव्हते.

१९२३ च्या कांतो भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील सुशीचे कारागीर आपापल्या गावी परतले आणि ही पद्धत देशभर पसरली. १९५८ मध्ये ओसाका येथे योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरून बशा पाठवणारे उपाहारगृह काढले आणि सुशी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. अमेरिकेत गेल्यावर तिच्यात अव्होकाडो आणि खेकडा शिरला, भात समुद्रशैवालाच्या बाहेर आला. कच्चा सामन मासा ही तर अलीकडची भर आहे. परोपजीवी कृमींच्या भीतीने जपानी लोक स्थानिक सामन कच्चा खात नसत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्वेने आपला पिंजऱ्यात वाढवलेला सामन जपानी बाजारात नेटाने खपवला, तेव्हा हे चित्र बदलले. तात्पर्य, आज 'अस्सल' वाटणारी सुशी प्रत्येक पिढीत बदलत आली आहे. त्यामुळे मुंबईच्या गल्लीत तिच्यावर पनीर चढले, यात परंपराभंगाचा आक्रोश करण्याजोगे काही नाही.

खारेपाट : समुद्राकडून मागून घेतलेली जमीन

पेणहून वडखळमार्गे अलिबागकडे किंवा नागोठण्याकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा सपाट, उघडी भातशेती दिसते. हा खारेपाट. धरमतरची खाडी, तिला मिळणाऱ्या अंबा, भोगावती, पाताळगंगा या नद्या आणि दक्षिणेस रोह्याजवळून वाहत रेवदंड्याच्या खाडीत उतरणारी कुंडलिका, यांच्या मुखाजवळचा हा प्रदेश. यातील बरीचशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मातीचे बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर अडवले, म्हणून तिथे शेती होते. बांधांना ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीला आतील पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढ्या साध्या तत्त्वावर हजारो एकर शेती उभी आहे.

या जमिनीला इतिहास आहे. खाजण बांधून लागवडीखाली आणणाऱ्यास विशेष हक्क देणारी 'शिलोत्री' नावाची जमीनधारणा पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात रूढ होती. बांधांची देखभाल गावाने सामायिक श्रमातून करण्याची रीत होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासकीय यंत्रणेकडे आणली. बांध अधिक मजबूत होतील ही अपेक्षा होती. परंतु 'बांध आपला' ही भावना त्यातून क्षीण झाली, असे खारेपाटातील जुनी माणसे सांगतात.

खाऱ्या जमिनीतील भाताची रीतही वेगळी आहे. जून-जुलैच्या पावसाने वरच्या थरातील मीठ धुऊन निघेपर्यंत थांबावे लागते. नंतर अनेक ठिकाणी रोपांची लावणी न करता मोड आणलेले बी चिखलात फेकले जाते. येथे पिढ्यान्‌पिढ्या 'राता' जातीचे तांबडे भात पिकत आले. त्यातून निवडलेले 'काळा राता' व 'भुरा राता' हे वाण क्षार सहन करणाऱ्या भातांच्या अभ्यासात सुपरिचित आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने, जे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' असे क्षारसहनशील वाण दिले. सुशीचा भात आखूड, चिकट दाण्याचा, मुठीत दाबला असता एकत्र राहणारा. खारेपाटाचा तांबडा भात त्याच्या अगदी उलट स्वभावाचा, जाड आणि सुटा. तो कालवणासाठी, पेजेसाठी आणि भाकरीसाठी आहे.

वलगण

पहिल्या जोरदार पावसात ओढे-नाले वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने शेतांकडे चढतात. यालाच कोकणात वलगण म्हणतात. अंडी घालण्यासाठी त्यांना उथळ, कोमट, भरपूर खाद्य असलेले पाणी हवे असते. नुकते भरलेले खाचर म्हणजे तयार बाळंतघरच. वलगणीचे मासे पकडण्यासाठी रात्री कंदील-विजेऱ्या घेऊन निघणारी मंडळी हे रायगडातील जूनचे नेहमीचे दृश्य. त्याच सुमारास शेतातले मुठेही बाहेर पडतात. भातशेती ही केवळ धान्याची जागा नसून माशांचीही आहे, हे येथे वेगळे शिकवावे लागत नाही.

जिताडा : एक मासा, दोन जन्म

जिताड्याचे शास्त्रीय नाव 'लेट्स कॅल्कॅरिफर'. बंगालमध्ये त्याला भेटकी म्हणतात, गोव्यात चणक. जागतिक बाजारात तो 'बारामुंडी' या नावाने ओळखला जातो. हे नाव ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या आदिवासी भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा' असा सांगितला जातो. जपानमध्ये याच वंशातील 'अकामे' हा मासा आढळतो. १९८४ मध्ये तो स्वतंत्र जात म्हणून नोंदवला गेला. अकामे म्हणजे लाल डोळ्यांचा. जिताड्याचेही डोळे प्रकाशात तांबूस चमकतात.

जिताड्याचे जीवनचक्र खारेपाटाच्या भूगोलाशी घट्ट जुळलेले आहे. तो वाढतो गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात, परंतु अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाशी जातो. पावसाळ्याच्या सुमारास एक मोठी मादी लाखो अंडी सोडते. पिल्ले भरतीबरोबर कांदळवनांत, ओहोळांत आणि उघाड्यांवाटे शेतांच्या कडेला येतात. दुसरी नवलाची गोष्ट अशी, की हा मासा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि साधारणतः सहा-आठ वर्षांचा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला जितका मोठा जिताडा, तितकी तो मादी असण्याची शक्यता अधिक. नेमके मोठ्या जिताड्यालाच मोल जास्त असल्यामुळे अंडी घालणारे मासे आधी संपतात. खाडीतील पिल्ले का घटली, याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

पेण आणि शेजारच्या अलिबाग तालुक्यातील खारेपाटात घराजवळ, शेताच्या कडेला तळी असतात. ही तळी मुळात पावसाचे गोडे पाणी साठवण्यासाठी खोदलेली. पावसाळ्यात खाडीतून पकडलेली जिताड्याची बोटभर पिल्ले त्यांत सोडायची आणि वर्ष-दोन वर्षे वाढवायची, ही येथील जुनी पद्धत. तळ्यातली लहान मासळी खाऊन जिताडा वाढतो. घरी जावई आला, लग्न ठरले, मुंबईचा पाहुणा आला, की तळ्यात जाळे पडते. सरकारी दप्तरी अडलेले काम जिताडा पोहोचवल्यावर सुटते, असाही एक विनोद रायगडात रूढ आहे. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातून या माशाचे मोल कळते. रोख पैसा फारसा न खेळणाऱ्या घरात तळ्यातला जिताडा ही ठेव असे.

ताटातील जिताडा

सुशीच्या उपाहारगृहात पाहुणा कारागिरासमोर बसतो. 'ओमाकासे' म्हणजे 'तुमच्यावर सोपवले' एवढे सांगितले, की त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळाले ते एकेक करून समोर येते. पेण-वडखळच्या रस्त्यावरील घरगुती खाणावळीतही तत्त्व तेच आहे. फळ्यावर काही लिहिलेले असो वा नसो, 'आज काय आलंय?' हाच पहिला प्रश्न. बोईट, शिंगाली, कोलंबी, चिंबोरी, निवट्या, यांपैकी खाडीने जे दिले असेल ते मिळते. जिताडा रोज मिळेलच असे नाही, आणि रोज मिळत असल्याचा दावा केला जात असेल तर तो बहुधा तळ्यातला नसतो.

जिताड्याचे मांस पांढरे, घट्ट आणि मोठ्या पाकळ्यांचे असते. काटे थोडे आणि ठळक असल्याने मुलांनाही तो देता येतो. आगरी घरांत त्याचे कालवण करताना ओल्या नारळाचा भरणा टाळतात. आले, लसूण, हिरवी मिरची व कोथिंबीर यांचे वाटण, घरचा मसाला, हळद आणि चिंचेचा कोळ एवढ्यावर भागते. डोक्याचे कालवण हा मानाचा भाग, आणि ते कोणाच्या ताटात जावे याचे घराघरांत संकेत ठरलेले असतात. मधल्या तुकड्या तांदळाचे पीठ लावून तव्यावर तळतात. सोबत तांदळाची भाकरी आणि शेवटी भात. आदल्या दिवशीचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेले लागते, यावर सर्वांचे एकमत असते.

शहरी वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे : एवढा चांगला मासा असताना त्याचीच सुशी का करू नये? येथे सावध राहिले पाहिजे. तळ्यातला किंवा खाडीतला मासा कच्चा खाणे धोक्याचे आहे. गोड्या व निमखाऱ्या पाण्यातील माशांत माणसाला अपाय करणारे कृमी असू शकतात, शिवाय पाण्यातील जंतूंचा प्रश्न निराळाच. कच्चा खाण्याच्या माशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उणे २० अंश सेल्सियस तापमानाला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून पंधरा तास ठेवण्याचा दंडक सुचवला आहे. घरच्या शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यात ही पातळी भरवशाने साधत नाही. सुशीतला मासा 'ताजा' असतो, हा समज म्हणूनच अर्धसत्य आहे. अनेकदा तो शास्त्रशुद्ध रीतीने गोठवलेला असतो. शिजवलेल्या, धुरावलेल्या किंवा भाजलेल्या माशाचीही सुशी होते. नवे काही करू पाहणाऱ्या उपाहारगृहाला भाजलेला जिताडा आणि कोकमाचा आंबटपणा यांचा मार्ग मोकळा आहे.

रोह्याची चव

रोहा व अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची जोडगावे. येथूनच कोकण रेल्वेचा प्रारंभ होतो. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे मुळशी धरणाचे पाणी नदीत येत असल्याने कुंडलिकेला उन्हाळ्यातही प्रवाह असतो. त्यावर डोलवहाळच्या बंधाऱ्यापासूनची शेती पोसली जाते आणि कोलाडला नौकाविहाराचा व्यवसाय चालतो. रोह्याच्या परिसरात चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांच्या स्वयंपाकातली सोड्यांची खिचडी आणि वालाचे बिरडे प्रसिद्ध आहे. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. जपानी माणसाने पावसाळ्यातला मासा टिकवण्यासाठी भातात पुरला, कोकणी माणसाने पावसाळ्यासाठी तो उन्हात वाळवला. गरज सारखीच होती. हवामानाने उत्तर निराळे दिले.

भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर पेण-रोह्याच्या गोड्या जमिनीत वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी व कडेने भांबुर्ड्याचा पाला, आत मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी आणि वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडके शेतात पालथे घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवतात. तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडले असता चर्रकन आवाज आला, की पोपटी झाली. पत्रावळीऐवजी कागदावर ओतून सगळे भोवती बसतात. अलीकडे या पोपटीला पर्यटकांनी उचलून धरले आहे. भांबुर्डा मात्र पडीक शेतातच उगवतो. तो विकत आणावा लागणे हे आता नवल राहिलेले नाही.

बांध फुटतो तेव्हा

खारेपाटातील भात आणि जिताडा हे दोघे एकाच बांधावर अवलंबून आहेत. उधाणाच्या भरतीला बांधाला खांडी पडल्या, की खारे पाणी शेतात शिरते. ते पीक जातेच, शिवाय मातीत बसलेले मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे एक-दोन हंगामही हातचे जातात. तळ्यात खारे पाणी शिरले तर गोड्या पाण्याचा साठा जातो आणि बांध ओलांडलेल्या पाण्याबरोबर जिताडेही निघून जातात. धरमतरच्या खाडीतून मालवाहू बार्जेसची ये-जा वाढल्याने लाटांचा मारा वाढला, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. समुद्राची पातळी वाढत असताना मातीचे बांध पूर्वीच्याच उंचीवर पुरे पडणार नाहीत, हेही उघड आहे.

बांध वेळेवर दुरुस्त न झाल्यास आणखी एक गुंता निर्माण होतो. खारे पाणी काही वर्षे आत-बाहेर करीत राहिले, की शेतात कांदळवन उगवते. कांदळवन तोडण्यास कायद्याने मनाई आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या रक्षणासाठी कठोर आदेश दिले, आणि ते योग्यच होते, कारण कांदळवन हेच माशांच्या पिल्लांचे पाळणाघर आहे. मात्र सातबाऱ्यावर भातशेती असलेल्या जमिनीवर डोळ्यांदेखत जंगल उभे राहिले, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. जिताड्याला कांदळवन हवे, भाताला बांध हवा, आणि खारेपाटाला दोन्ही हवेत.

रोह्याच्या बाजूला प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचा समावेश होता. खाडीच्या मुखाशी अंडी घालून वर चढणाऱ्या माशासाठी नदीचा एक पट्टा बिघडला तरी संपूर्ण वाट अडते.

जमिनीचा प्रश्न तर सर्वांत मोठा. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील शेतजमीन संपादन करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे जनमत आजमावले. शेतकऱ्यांचा कौल प्रचंड बहुमताने विरोधात होता आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. 'धरणाचे पाणी शेताला द्या' ही मागणी त्या आंदोलनाच्या केंद्रस्थानी होती. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई पेणच्या आणखी जवळ आली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. सोळा वर्षांपूर्वी एकदा विचारला गेलेला प्रश्न निराळ्या रूपात पुन्हा दारात आला. जमीन विकून मिळणारी रक्कम एका बाजूला, आणि वर्षाकाठी एक भाताचे पीक व तळ्यातले काही जिताडे दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडला तर तराजू कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. म्हणूनच भात-मासा जोडीची किंमत त्या हिशेबात धरली जाते की नाही, याला महत्त्व आहे.

बिवा सरोवराचा धडा

सुशीच्या मूळ गावीही हेच घडले आहे. बिवा सरोवरातील निगोरोबुना हा मासा फुनाझुशीसाठी लागतो. काठावरचे वेत नष्ट झाले, शेते सपाट करताना शेत आणि सरोवर यांतील वाट तुटली, बाहेरून आलेल्या शिकारी माशांनी पिल्ले खाल्ली, आणि निगोरोबुना घटला. त्याबरोबर फुनाझुशी महाग व दुर्मीळ झाली. त्यावर शिगा प्रांताने केलेला उपाय लक्षणीय आहे. पाटांत पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याची पातळी उंचावून मासे पुन्हा भातखाचरांत चढतील, अशी सोय करण्यात आली. अशा शेतातल्या तांदळाला 'माशांचा पाळणा असलेले शेत' या अर्थाचे नाव देऊन तो वेगळी ओळख देत विकला जातो. म्हणजे वलगण जपल्याचे मोल शेतकऱ्याला तांदळाच्या भावात मिळते. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने बिवा सरोवराच्या या मासेमारी-शेती पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले.

भारतातही उदाहरण आहे. केरळात खाऱ्या पाण्याच्या शेतांत पावसाळ्यात पोक्कळी भात आणि नोव्हेंबरनंतर त्याच शेतात कोलंबी घेतली जाते. पोक्कळी तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जिताड्याच्या बाबतीत शास्त्रीय अडसर उरलेला नाही. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त अवस्थेत प्रजनन घडवून आणले. त्यामुळे पिल्लांसाठी केवळ खाडीवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासूनच्या उपजीविका योजनेत खाडीतील पिंजऱ्यांत जिताडापालनाचा समावेश केला आहे. खारेपाटातील तळी, बीजकेंद्रातली पिल्ले, वेळेवर दुरुस्त होणारे बांध आणि तांबड्या भाताला ओळख या चार गोष्टी एकत्र आणणे, एवढेच काम शिल्लक आहे. तेच सर्वांत कठीणही आहे, कारण या चारही गोष्टी चार निरनिराळ्या खात्यांच्या अखत्यारीत येतात.

खवय्याने काय करावे

पेण-रोह्याकडे जिताड्यासाठी जाणाऱ्याने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तळ्यातला जिताडा हवा असल्यास आधी सांगून ठेवावे. मासा काढण्याची वेळ तळ्याच्या मालकाच्या सोयीची असते, पाहुण्याच्या नव्हे. पावसाळ्याच्या प्रारंभी खाडीतील मोठ्या माशाचा आग्रह धरू नये. तो अंडी घालण्याचा काळ आहे. सव्वा-दीड किलोचा तळ्यातला मासा चवीला उत्तम असतो आणि खाडीतल्या प्रजननक्षम माद्यांवर त्याने भार पडत नाही. मासा ताजा असल्याची खूण म्हणजे फुगीर, चमकदार डोळे, लाल कल्ले आणि बोटाने दाबल्यावर पूर्ववत होणारे मांस. सोबत तांबड्या तांदळाची भाकरी मिळते का, हे अवश्य विचारावे. मागणी नसल्यानेच अनेकांनी तो भात लावणे सोडले आहे. पोपटीसाठी माघातली थंडी गाठावी.

सुशीच्या उपाहारगृहात जाणाऱ्यालाही हेच नियम निराळ्या शब्दांत लागू पडतात. निगिरी हाताने खाल्लेली चालते. सोया सॉसमध्ये भात नव्हे, माशाची बाजू किंचित टेकवावी. आल्याचे लोणचे हे दोन घासांमध्ये जीभ स्वच्छ करण्यासाठी असते. हिरव्या रंगाचा जो तिखट गोळा वासाबी म्हणून मिळतो, तो बहुतेक ठिकाणी रंग दिलेल्या दुसऱ्याच एका तिखट मुळाचा असतो. मासा कोठून आला, तो गोठवलेला होता का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला कारागीर अशा प्रश्नाने रागावत नाही.

सुशी जगभर पोहोचली, कारण तिने प्रत्येक ठिकाणचा मासा आणि प्रत्येक ठिकाणची आवड स्वीकारली. जिताडाही जगभर पोहोचला आहे, पण बारामुंडी या नावाने आणि परदेशी पिंजऱ्यांतून. मुंबईच्या एखाद्या गल्लीतल्या टेबलावर उद्या बारामुंडीची सुशी मोठ्या कौतुकाने येईल आणि ऐंशी किलोमीटरवरच्या पेणच्या तळ्यात त्याच जातीचा मासा उरलेला नसेल, ही शक्यता आता दूरची राहिलेली नाही. ती टाळायची तर सुरुवात खारेपाटाच्या बांधापासून करावी लागेल.